फोन ठेवू नका हं

आमच्या डब्लिनमध्ये (ओहायोतलं डब्लिन, आयर्लंडचं नव्हे, हे नातेवाइकांना अजून दर फोनवर सांगावं लागतं) मराठी मंडळी जेवायला जमली, की पहिल्या अर्ध्या तासात सगळ्यांच्या मुलांची हजेरी घेऊन होते. वेदांतला शिकागोत नोकरी लागली, रुही मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, अक्षतनं स्वतःची कंपनी काढली आणि ती अजून बुडालेली नाही. असं करत करत पाळी सुनेत्रावर आली, की तिला हटकून स्वयंपाकघरात काहीतरी गॅसवर ठेवल्याचं आठवतं. आपली इला काय करते हे चार लोकांत सांगायची तिला लाज वाटते असं नाही. पुढचे प्रश्न नको वाटतात.

मग ते काम मी करते. "इला फोन उचलते," मी सांगते. "तुमच्या घराला आग लागली आणि तुम्ही नाइन-वन-वन फिरवलंत, की पलीकडून जी मुलगी बोलेल ना, ती आमची इला." यावर कुणीतरी "हाऊ नाइस" म्हणून श्रीखंडाकडे वळतं. मला त्या "हाऊ नाइस"चा फार राग येतो. यतीन, म्हणजे माझा नवरा, म्हणतो, शुभा, तुला राग यायला श्रीखंडसुद्धा पुरतं.

सुनेत्रा आणि मी एकाच वर्षी या देशात आलो, एकाच बिल्डिंगमध्ये समोरासमोर राहिलो, एकमेकींच्या कुकरच्या शिट्ट्या मोजल्या. इला माझ्या डोळ्यांदेखत वाढली. उंच, किडकिडीत, केसांचा आंबाडा पेन्सिलीनं अडकवलेला. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये येतं, आणि चुकून मराठीत आलंच तर यतीनला "काका, तू बस" असं येतं. तो बसतो. कुणी बोलायला लागलं की ती मान किंचित कलती करून ऐकते, आणि मधे बोलत नाही. आमच्या मंडळींत हा गुण इतका दुर्मीळ, की लोकांना वाटायचं पोरगी जरा मंद आहे.

ऐकायची सवय तिला लावली तिच्या बापानं. उल्हास मूळचा नागपूरचा, कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि बोलण्यात कुणाला हार जात नाही. इला लहान असताना झोपताना तो तिला गोष्ट सांगायचा. संत्र्याच्या बागेत राहणाऱ्या एका अस्वलाची गोष्ट होती, आणि ती वर्षानुवर्षं चालली. अट एकच, हुंकार द्यायचा. "हुंकार नाही, तर गोष्ट नाही," उल्हास बजावायचा. आपल्याकडे हे घरोघरी चालतं. सांगणाऱ्याला कळायला नको का, की ऐकणारा जागा आहे?

"अस्वल विहिरीपाशी आलं."

"हं."

"वाकून पाहतं तर काय..."

"हं."

मी त्यांच्या घरी भांडी आवरत असले की आतून हे ऐकू यायचं. शाळेत जायला लागल्यावर इलाचं मराठी बोलणं आटलं, पण तो हुंकार राहिला. आजही तिला काही सांगायला घेतलं, की वाक्यावाक्याला पलीकडून "हं" येतो, अगदी तिच्या आज्या-पणज्यांनी दिला असता तसा.

कॉलेजात तिनं सायकॉलॉजी घेतलं. पुढे मास्टर्स करेल म्हणून सगळे वाट पाहत होते, आणि तिनं एक दिवस सांगितलं की आपण काउंटीच्या इमर्जन्सी केंद्रात फोन घ्यायला लागतोय. कुठली काउंटी ते ती सांगू देत नाही, आणि मीही इथे थोडे तपशील इकडचे तिकडे केले आहेत. उल्हासनं आठवडाभर तोंड फुगवलं. मग बोलायला लागला तो थांबेचना. "अरे, कॉल सेंटरच करायचं होतं तर इथं जन्मायची काय गरज होती? तिकडेच राहिलो असतो ना आम्ही!" यावर इला "हं" म्हणाली. बापाशी वाद घालायच्या ऐवजी ती हुंकार द्यायची, आणि तो अजूनच चिडायचा.

आता स्पॅनिशकडे येते. आमच्या भागात मेक्सिको, होन्डुरास, ग्वाटेमालाकडची खूप माणसं आहेत. छपरं शाकारणारी, हॉटेलात भांडी घासणारी, आपल्या बागा राखणारी. त्यांतल्या कुणाचा फोन आला, की दुभाष्याला लाइनीवर घ्यावं लागतं. तोवर कॉल घेणाऱ्यानं काय म्हणायचं ते ट्रेनिंगमध्ये घोटून घेतात: "उन मोमेंतो, पोर फावोर. नो क्वेल्गे." एक क्षण थांबा, प्लीज. फोन ठेवू नका. इलाचं स्पॅनिश शाळेतलं, तेही बरंचसं विसरलेलं, पण हे वाक्य ती इतकं मऊ म्हणायची की ऐकत राहावं. आणि आदरार्थी बरं का. जी मुलगी यतीनला अरे-तुरे करते, ती अनोळखी माणसाला स्पॅनिशमध्ये अहो-जाहो करते, याची मी खूप चेष्टा केली आहे.

जानेवारीतल्या एका दुपारी एका बाईचा फोन आला. स्पॅनिशमध्ये, भराभरा, आवाज दाबून. इलानं ते वाक्य म्हटलं, होल्डचं बटण दाबलं आणि दुभाष्यांची लाइन लावली. तिथे आधी यंत्र बोलतं. भाषा कुठली, केंद्र कुठलं, कोड काय. मग माणूस येतं. फार वेळ लागत नाही, चहातली साखर ढवळून होईल एवढाच. पण दुभाषी आली, इलानं होल्ड काढला, आणि पलीकडे कुणी नव्हतं.

तिनं उलट फोन लावला. व्हॉइसमेल. परत लावला. परत तेच. मोबाइलवरून जागेचा जो अंदाज मिळाला होता तिथे पोलिसांची गाडी जाऊन आली. त्यांनी काही दारं ठोठावली. कुणी काही सांगितलं नाही. ती बाई कोण होती, तिला काय सांगायचं होतं, कुणापासून आवाज दाबत होती, हे कुणालाच कळलं नाही आणि आता कळणारही नव्हतं.

असं झालं की नंतर सुपरवायझर रेकॉर्डिंग ऐकवते. चूक काढायला म्हणून नाही, तशी पद्धतच आहे. होल्डवर ठेवलं तरी पलीकडचा आवाज टेप होत असतो. त्यात ती बाई "बुएनो?" म्हणते. आपण हॅलो म्हणतो तसं मेक्सिकोकडचे लोक फोनवर बुएनो म्हणतात. मग थोडं थांबून परत "बुएनो?" मग अगदी हळू, स्वतःशीच म्हटल्यासारखं, आणखी एकदा. आणि फोन बंद झाल्याचा आवाज.

काहीतरी बिनसलंय हे मला कळलं ते सुनेत्राच्या फोनवरून. "शुभा, इला काही खात नाहीये गं. रविवारी आली, ताटावर बसली, आणि नुसता भात चिवडत राहिली. विचारलं तर म्हणते, आय ॲम फाइन. तुझ्याशी बोलेल ती. तू बोल ना."

मी थालीपीठं घेऊन तिच्या अपार्टमेंटवर गेले. दार उघडलं तेव्हा हातात फोन होता आणि फोनवर लोकल बातम्या. त्या बाईचं सगळं तिनं मला तेव्हा सांगितलं. रोज सकाळी उठल्या उठल्या ती त्या बातम्या चाळायची, त्या भागात कुठे काही वाईट घडलंय का ते बघायला. शिफ्ट संपली की गाडी वाकडी करून त्या रस्त्यानं जायची आणि खिडक्या बघायची. हे नियमात बसत नाही, ती नोकरीला मुकली असती. मी ओरडले तर म्हणाली, "आय नो, मावशी. आय नो."

"सुपरवायझर काय म्हणाली?"

"शी सेड आय डिड एव्हरीथिंग राइट." आणि मग, "दॅट्स द वर्स्ट पार्ट. चूक असती तर आय कुड फिक्स इट."

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. इलाच्या मनानं त्या बाईचे शंभर शेवट करून पाहिले होते, आणि एकही बरा नव्हता. मी तिला म्हटलं, अगं, बाईनं चुकून लावला असेल, पोरानं बटण दाबलं असेल. तिनं "हं" केलं. माझ्या बोलण्याचा काडीइतका उपयोग नव्हता, आणि ते आम्हा दोघींनाही माहीत होतं. मलाही मग झोप लागेना. रस्त्यावरून अँब्युलन्स गेली की मी उठून बसायचे. कुणी लावला असेल हा फोन, आणि उचलणारीच्या जिवाची काय गत असेल?

हळूहळू घरीही कळलं, आणि उल्हासला बरं निमित्त मिळालं. "सोड ना ते काम! मी केव्हाचा सांगून राहिलो. कशासाठी जीव जाळून राहिली तू? डेटा ॲनॅलिटिक्सचा एक कोर्स कर, बाकीचं मी पाहतो." तो ओरडत होता खरा, पण मुलगी वाळत चालली होती आणि बापाला दुसरं काही सुचत नव्हतं. या वेळी इलानंही नेहमीसारखं नाही म्हटलं नाही. म्हणाली, विचार करते. मार्च संपेपर्यंत सांगते.

पण तिला आणखी एक भीती होती, आणि ती तिनं फक्त मला सांगितली. दर वेळी फोन वाजला की तिला वाटायचं, हा स्पॅनिश असेल, मी थांबा म्हणेन, आणि हाही माणूस निघून जाईल. "एका वाक्यावर कोण थांबतं, मावशी? व्हाय वुड दे ट्रस्ट मी?"

मी म्हटलं, चल, करून बघू. हा माझा स्वभाव, गप्प बसवत नाही. ती माझ्या घरी आली होती. तिला वर माडीवर पाठवलं, मी खाली सोफ्यावर बसले आणि तिला फोन लावला. मी मराठीत काहीतरी बडबडले, आग लागली, धावा. तिनं त्या मऊ आवाजात सांगितलं, "उन मोमेंतो, पोर फावोर. नो क्वेल्गे." आणि मग शांतता. खरोखरीच्या कॉलवर असते तशी, कोरडी. घर माझं, जिना माझा, वर बसलेली मुलगी मी अंगाखांद्यावर खेळवलेली. तरी ती तिथे आहे हे मला ठाऊक असून मला ते पटेना. मी "हॅलो?" म्हटलं. काही नाही. "इला?" काही नाही. मी फोन बंद करून टाकला.

ती जिन्यात येऊन उभी राहिली. "व्हाय डिड यू हँग अप?"

"मला वाटलं तू गेलीस," मी म्हटलं.

ती तिथेच पायरीवर बसली. मग आम्ही चहा प्यायलो. उपाय दोघींनाही सुचला नाही. इलानं एवढंच ठरवलं, की यापुढे होल्डचं बटण दाबायचं नाही, दुभाष्यांच्या यंत्राशी जे बोलायचं ते फोन उघडा ठेवूनच. तशी मुभा असते, पण गोंधळ होतो म्हणून बहुतेक जण दाबतात. लाइन उघडी ठेवली तरी त्या उघड्या लाइनीवर बोलायचं काय, आणि कुठल्या भाषेत, हा प्रश्न होताच.

मार्चमध्ये एका दुपारी तो फोन आला. बाहेर कडक ऊन आणि तेवढीच कडक थंडी होती. फोनवर म्हातारी बाई होती. एक-एक शब्द दम घेऊन बोलत होती. इलाला त्यातलं "पेचो" कळलं, म्हणजे छाती, आणि "सोला", म्हणजे एकटी. एवढं तर शाळेत शिकली होती. स्क्रीनवर जागेचं वर्तुळ एका भल्यामोठ्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्सवर पडलं होतं. तीन-तीन मजल्यांच्या एकसारख्या बिल्डिंगी, दारंही एकसारखी. अँब्युलन्स लगेच निघाली. पण त्यातल्या कुठल्या दाराशी जायचं?

"दिरेक्सियोन, सेन्योरा?" पत्ता?

म्हातारी रडायला लागली. "नो से," ती म्हणत होती. "नो से." मला माहीत नाही. इलाला ते कळलं, आणि का माहीत नाही तेही कळलं. ही बाई लेकीकडे आलेली असणार. लेक कामावर, आणि आई घरात एकटी. आपले आईबाप येतात तेव्हा काय वेगळं असतं? सुनेत्राच्या सासूबाई सहा महिने राहून गेल्या, त्यांना घराचा नंबर सांगता येत नव्हता. "त्या वाकड्या झाडापाशी वळायचं" एवढंच त्या सांगायच्या.

आता काही करायचं तर दुभाषी हवा. त्याच्याकडून बाईला विचारून घ्यायचं, की खिडकीतून काय दिसतं, कितवा मजला, दाराचा रंग कुठला. आणि तोवर या बाईनं फोन हातात धरून राहायला हवं. तिनं फोन ठेवला, किंवा तिच्या हातून पडला, तर त्या एवढ्या दारांमागे ती कुणालाच सापडणार नव्हती.

"उन मोमेंतो, पोर फावोर," इला म्हणाली. "नो क्वेल्गे, सेन्योरा." एका हातानं तिनं दुभाष्यांची लाइन लावली. यंत्र बोलायला लागलं. ते तिच्या कानात, म्हातारीला ऐकू जात नव्हतं. म्हातारीला ऐकू जात होती ती नुसती शांतता.

"बुएनो?" म्हातारी म्हणाली.

तोच शब्द. यंत्र विचारत होतं, भाषा कुठली. स्पॅनिशमध्ये "मी आहे" कसं म्हणतात हे तिला येत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

"बुएनो?"

"हं," इला म्हणाली.

तिनं ठरवून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. आणि पलीकडून एक श्वास आला, आणि म्हातारी बोलायला लागली. काय बोलत होती देव जाणे. लेकीचं नाव सांगत असेल, कुठे दुखतंय ते सांगत असेल. इला कोड दाबत होती आणि जिथे तिचं वाक्य टेकेल तिथे म्हणत होती, "हं." म्हातारी पुढचं सांगत होती. "हं." दुभाष्यांची लाइन एकदा लागून तुटली, तिनं परत लावली, यंत्र परत पहिल्यापासून सुरू झालं. "हं." मधे म्हातारी थांबली, तेव्हा इलाला थांबा म्हणायचा शाळेतला शब्द आठवला आणि तिनं त्याला आणखी एक आपल्या मनचा जोडला. "एस्पेरे कोन्मिगो, सेन्योरा. पोर फावोर." थांबा, माझ्यासोबत थांबा. म्हातारी म्हणाली, "सी." आणि परत सांगायला लागली, आणि इला परत हुंकार द्यायला लागली.

शेजारच्या टेबलावरची मुलगी वळून बघत होती म्हणे, की ही हे काय करते आहे.

शेवटी दुभाषी आला. शांत आवाजाचा माणूस. त्यानं पद्धतीप्रमाणे आपला दुभाष्याचा नंबर सांगायला सुरुवात केली, तो इलानं अर्ध्यात तोडला. "तिला विचारा, खिडकीतून काय दिसतं?"

पार्किंग दिसतं. झाडं दिसतात. मोटारी. काही उपयोगाचं नाही.

"तिच्या घराचं बाहेरून काही वेगळं दिसतं का?"

दुभाष्यानं विचारलं. मग तो म्हणाला, "ती म्हणते, तिनं बाल्कनीत लाल ब्लँकेट वाळत घातलंय. तिला ड्रायर लावता येत नाही. आणि म्हणते, लेक रागावते, पण ऊन छान पडलं होतं."

हे मला सांगताना इला हसली आणि तिचे डोळे भरून आले. आमच्या जुन्या कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीत कपडे वाळत घालायचे नाहीत म्हणून किती नोटिसा आल्या होत्या, आणि आमच्या सासवांनी त्या किती वेळा धाब्यावर बसवल्या होत्या! इलानं अँब्युलन्सवाल्यांना कळवलं: लाल ब्लँकेट बघा, बाल्कनीत. त्यांनी गाडी हळू केली. एक बिल्डिंग, दुसरी बिल्डिंग. इकडे म्हातारीचं बोलणं बारीक होत गेलं. मग थांबलं.

"ती उत्तर देत नाहीये," दुभाषी म्हणाला.

"सांगा, मी इथेच आहे. सांगा, बोलायची गरज नाही. नुसता आवाज करा म्हणावं. कसलाही."

दुभाष्यानं सांगितलं. काही आलं नाही. इलानं डोळे मिटले आणि म्हणाली, "हं." वाट पाहिली. "हं?"

पलीकडून आलं. अगदी हळू. "म्."

"हं," इला म्हणाली.

"म्."

असं ते चाललं. दुभाषीही गप्प झाला, त्याच्यासाठी त्यात काही काम उरलं नव्हतं. मग दार वाजल्याचा मोठा आवाज झाला, पुरुषांची बोलणी ऐकू आली, कुणीतरी "मॅम, मॅम" म्हणालं, आणि फोन बंद झाला. दुभाष्यानं ठरलेलं वाक्य म्हटलं, आणखी काही मदत हवी आहे का? इलानं नाही, थँक यू म्हटलं. पुढचा फोन वाजत होताच. कुणाच्या तरी ड्राइव्हवेसमोर कुणीतरी गाडी लावून गेलं होतं.

त्या रविवारी सुनेत्रानं आम्हाला जेवायला बोलावलं होतं. तिला काहीतरी जाणवलं असावं. मार्च संपत आला होता, इला आज सांगणार होती नोकरीचं. सुनेत्राचं सगळं लक्ष तिकडे, वरणाला फोडणी दोनदा दिली. उल्हास टीव्हीसमोर, टीव्ही न बघता बसला होता. कोर्सची सगळी माहिती काढून त्यानं लॅपटॉप तयार ठेवला होता, उघडून.

इला आली, त्याच्या समोरच्या खुर्चीत बसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, एक गोष्ट सांगू?"

उल्हासनं टीव्ही बंद केला. मला वाटतं, तिनं त्याला कधी गोष्ट सांगितलीच नव्हती. नेहमी तोच सांगायचा.

तिनं सुरुवात केली, अर्धी मराठीत, अर्धी इंग्लिशमध्ये. म्हातारीचा फोन आला तिथपर्यंत ठीक होतं, मग उल्हास म्हणाला, "पण तुमच्या सिस्टिममध्ये अपार्टमेंट नंबर का नाही दिसत? हे तर सिंपल..." सुनेत्रानं डाव उगारला. तो गप्प झाला. इलानं पुढे सांगितलं. सांगता सांगता ती थांबली, बापाकडे बघितलं. तिला वाटलं असेल तो परत काही सुचवणार.

"हं," उल्हास म्हणाला.

मग ती सांगत गेली आणि तो हुंकार देत गेला. लाल ब्लँकेटापाशी त्याचा आवाज जरा वेगळा आला. त्याची आई आठवली असणार. दार वाजलं, माणसं आत आली, फोन बंद झाला, इथवर सांगून इला थांबली.

"पुढे?" उल्हासनं विचारलं.

"पुढे नाही."

"अरे, म्हणजे? वाचली का ती?"

"आय डोन्ट नो, बाबा. आम्हाला कळत नाही. नोबडी टेल्स अस. गोष्ट तिथेच संपते." मग ती खाली बघत म्हणाली, "जानेवारीतल्या त्या बाईचंही कळलं नाही. नेव्हर विल. दॅट्स द जॉब."

उल्हासनं त्याचं अस्वल कधी विहिरीत सोडलं नव्हतं. कितीही उशीर झाला, पोर पेंगायला लागली, तरी तो त्याला वर काढायचा आणि मगच दिवा मालवायचा. तो लेकीकडे बघत राहिला. लॅपटॉपची स्क्रीन काळी पडली, त्यानं हात लावला नाही. मला वाटलं आता हा बोलेल, आणि बोलला की सगळं बिघडेल. सुनेत्रा डाव हातात घेऊन तशीच उभी होती.

"उद्या जायचं आहे?" त्यानं विचारलं.

"हो. तीनची शिफ्ट. परवाही."

इला मान कलती करून वाट बघत होती.

"हं," उल्हास म्हणाला.